पडलेल्या उमेदवाराचं जेवण

आमच्या मतदारसंघाचं नाव मी सांगणार नाही. तिथं निवडून आलेले आणि पडलेले सगळे अजून हयात आहेत, तब्येतीनं ठणठणीत आहेत आणि पुढच्या वेळी उभं राहायचं म्हणतात. एवढंच सांगतो, की त्याचं एक टोक छत्रपती संभाजीनगरच्या कडेला आहे आणि दुसरं डोंगरात. मधे ज्वारी, कापूस, प्लॉटिंगचे बोर्ड आणि मंगल कार्यालयं. मतदारसंघाच्या हद्दी नव्यानं आखल्या तेव्हा आमची गल्ली शहरातून निघाली आणि खेड्यांच्या मतदारसंघात गेली. गल्ली जागची हलली नव्हती. आमदार तेवढा लांब गेला.

या गल्लीत आत्यांचं घर होतं आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या मला शेवटपर्यंत ‘वरचा’ म्हणत आल्या. “वरच्या, दूध उतू चाललंय, बघ जरा.” चिकलठाण्याला एका कंपनीत मी सुपरवायझर होतो. तिथं माझ्या हाताखाली माणसं असायची आणि घरी आलो की मी आत्यांच्या हाताखाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेताचे प्लॉट झाले होते. उरल्या होत्या दोन म्हशी, हे घर आणि रस्त्याकडं तोंड केलेला एक लांबलचक ओटा. आत्या माणसांशी आणि म्हशींशी एकाच आवाजात बोलायच्या. दोघंही ऐकायची.

विधानसभेचा निकाल लागला, की त्या दिवशी पडलेल्या उमेदवाराला आत्या जेवायला बोलवायच्या. हे कधी सुरू झालं ते गल्लीत कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. धोतर नेसणारे एक आमदार होते, त्यांच्या काळापासून, असं म्हणायचे. ते पडले, आत्यांकडं जेवले, पुढच्या खेपेला निवडून आले. त्यांनी ज्याला पाडलं तो जेवला, आणि त्याच्या पुढच्या वेळी तोही आला निवडून. मग एक ठेकेदार, मग एक डॉक्टर. म्हणजे आमच्या गल्लीचा जवळजवळ प्रत्येक आमदार आत्यांच्या ओसरीवर मांडी घालून जेवून गेला होता. आमदार असताना मात्र एकही नाही.

पक्ष त्या बघायच्या नाहीत. जातही बघायच्या नाहीत. नंबर बघायच्या. जेवण फक्त दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला. बाकीच्यांचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “सगळ्याच पडलेल्यांना बोलवायचं म्हणलं तर मंगल कार्यालय घ्यावं लागंल.”

जेवण साधं असायचं. मुगाची मऊ खिचडी, कढी, भाजलेला पापड आणि जेवण झाल्यावर ओट्यावर ताक. मला वाटायचं, सुतकाचं वातावरण म्हणून असेल. तसं नव्हतं. “महिनाभर तो चहा आणि भज्यांवर असतो,” आत्या म्हणाल्या. “पोट कामातून गेलेलं असतं. आणि तिखट तर अजिबात द्यायचं नाय. डोळ्यांत पाणी आलं तर लोकांचा गैरसमज व्हतो.”

एकदा इथल्या लोकल चॅनेलचा एक मुलगा माईक घेऊन आला. आत्या, या परंपरेमागचा संदेश काय, असं त्यानं विचारलं. आत्यांनी माईककडं बघितलं, मग मुलाकडं. “संदेश कशाचा? त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाय. बायको रडत असती, पोरं दार लावून बसत्यात. कार्यकर्ते जिंकलेल्याच्या मांडवात गेलेले. मग त्यानं जेवायचं कुठं?” मुलगा म्हणाला, अजून काहीतरी सांगा. आत्या म्हणाल्या, “तू जेवलास का?” तो नाही म्हणाला. जेवून गेला.

दुसऱ्या नंबरचा नियम त्यांनी माझ्यासमोर एकदाच मोडला. डोंगराकडचा एक मेंढरं राखणारा माणूस अपक्ष उभा होता. चराईच्या रानाला कुंपण घातलं होतं, त्याचं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून. निकालाच्या दिवशी तो मतमोजणीच्या ठिकाणाहून चालत आला, खांद्यावर घोंगडं, आणि ओट्याच्या कडेला बसला. कितव्या नंबरावर राहिला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आत्यांनी त्याला आधी वाढलं. दुसऱ्या नंबरचे वकीलसाहेब नंतर आले आणि त्याच्या शेजारी बसून जेवले. वकीलसाहेब उदास होते. मेंढपाळ त्यांना म्हणाला, “मला तर पडल्यासारखं वाटतच नाय, साहेब. आमी उभं व्हतो, हेच लोकायला कळलं नाय.” वकील पहिल्यांदा हसले आणि अजून कढी मागितली.

या सगळ्याचा एक परिणाम असा झाला, की प्रचाराच्या काळात आत्यांच्या दारासमोरून जाताना उमेदवार चालायचा वेग वाढवायचे. आत्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. सवयीनं विचारायच्या, “जेवलास का रे?” उमेदवाराचा चेहरा उतरायचा. मी स्वतः बघितलंय, एका तगड्या माणसानं भर दुपारी, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसताना, “जेवलो, जेवलो आत्या, पोटभर जेवलो,” असं ओरडत गल्ली पार केली.

एकच माणूस असा होता जो आत्यांकडं कधी जेवला नव्हता. कारण तो कधी पडलाच नव्हता. हद्दी बदलल्यानंतर आमच्या वाट्याला आलेला हा आमदार. त्यांना सगळे साहेब म्हणायचे, मीही साहेबच म्हणतो. माणूस कामाचा होता. रस्ते केले, शाळांना खोल्या दिल्या, गावोगाव स्मशानात पत्र्याची शेड उभी केली. दोनदा निवडून आले होते आणि तिसऱ्यांदा उभे होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं, की आत्यांच्या ओट्यावर बसून जेवतानाचा एक फोटो आला पाहिजे. मतदारसंघातल्या बायांवर त्याचा चांगला परिणाम होईल.

साहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. “आत्या, साहेब उद्या दुपारी जेवायला येणार.”

आत्या म्हशीची धार काढत होत्या. “पडला का तो?”

माणसाला ठसका लागला. “अहो, इलेक्शन पुढच्या महिन्यात आहे.”

“मग झाल्यावर बघू म्हणावं. लागलं तर.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली आणि गल्ली ओट्यावर गोळा झाली. कारण साधं होतं. आमच्या गल्लीत नळ नव्हता. शेजारच्या दोन गल्ल्यांत पाइपलाइन आली होती, आमच्या गल्लीचं काम साहेबांच्या हातात होतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या लोकांना खिचडीचा हा हट्ट कळेना. समोर वेल्डिंगचं दुकान असलेले चाचा सगळ्यांत समजूतदार. ते म्हणाले, “आत्या, एक वक्त का खाना है. खिला दो ना. नल आ जाएगा.”

“चहा पाजते की. दोनदा पाजते. जेवण नाय.”

“क्यों मगर?”

“ते पडलेल्याचं हाय चाचा. आता याला फोटोसाठी वाढलं, तर मग पडलेल्याला काय वाढू?”

चाचांना ते पटलं. बाकीच्यांना नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तुमच्या एकटीच्या हट्टापायी आमच्या लेकरांनी हंडे वाहायचे का? आत्या उठून म्हशींना वैरण घालायला गेल्या. वहिनींचं खरं होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

साहेब तरीही आले. पदयात्रा होती, मागे गर्दी, ताशा. आत्यांच्या ओट्यापाशी थांबून ते मोठ्यानं म्हणाले, “आत्या, सगळा मतदारसंघ मला जेवू घालतोय, तुमच्याच घरी बंदी?”

“बंदी कशाची? बस. चहा घे.”

साहेब बसले, चहा घेतला. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “मी पडावं असं वाटतं का तुम्हाला?”

असं विचारलं की लोक लगेच ‘छे छे’ म्हणतात. आत्यांनी खरंच विचार केला. गर्दी वाट बघत उभी राहिली. “नाय,” त्या म्हणाल्या. “तू कामं केलीस. आधीच्यांनी एवढी नाय केली. पण पडलास तर लाजू नको. सरळ इकडं ये.”

ताशेवाल्याच्या हातातल्या काड्या थांबल्या. कुणीतरी पळत जाऊन लिंबू आणलं आणि भर गल्लीत साहेबांवरून उतरवून टाकलं. साहेब हसत निघाले, पण ते हसू गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टिकलं नाही.

ते तिसऱ्यांदा निवडून आले. आमच्या गल्लीकडं येणारी पाइपलाइन कोपऱ्यापर्यंत खोदून झाली आणि तिथं थांबली. खड्डा पुढची निवडणूक येईपर्यंत तसाच राहिला. त्यात एकदा चाचांची स्कूटर पडली. टँकर यायचा तेव्हा आत्या आपला हंडा घेऊन रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभ्या राहायच्या. कुणी पुढं बोलावलं तरी जायच्या नाहीत. वहिनींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मी एकदा म्हणालो, आत्या, बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या म्हणाल्या, “वरच्या, तुझा हंडा भरला का? मग जा वर.”

पाणी पुढं आलं. शहरात सगळीकडं येतं तसंच येतं, म्हणजे आठवड्यातून कधीतरी आणि न सांगता, पण येतं. ते कसं आलं हे त्यानंतरच्या निवडणुकीशी जोडलेलं आहे.

त्या निवडणुकीत साहेबांसमोर उभा राहिला आत्यांचा भाचा. कन्नड तालुक्यातल्या गावात राहणाऱ्या त्यांच्या भावाचा मुलगा. कॉलेजसाठी आत्यांकडं आला आणि इथलाच झाला. आत्यांना मूल नव्हतं. याचे डबे त्यांनी भरले, याच्या तापात त्या जागल्या. तो आधी साहेबांच्याच मागे फिरायचा, त्यांच्या सभांच्या खुर्च्या मांडायचा. मग काहीतरी बिनसलं. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी तो आत्यांच्या पाया पडायला आला.

“आशीर्वाद द्या.”

“दिला.”

“निवडून येईन ना?”

“ते मला काय विचारतो? लोकांना विचार.” मग त्याच्या खांद्यावरचा धागा काढत त्या म्हणाल्या, “सैपाक मी करणार हाय. तू जेवायचा का तो, ते लोक ठरवतील.”

भाच्याला हे आवडलं नाही. प्रचारभर तो घरी जेवला नाही.

निकालाच्या दिवशी मी सुटी घेतली होती. आत्यांच्या पुढच्या खोलीत टीव्ही लावला होता. चाचा होते, गल्लीतले अजून चार-दोन जण होते. वहिनी दाराबाहेरून ऐकत होत्या. कधी साहेब पुढं, कधी भाचा. आत्या आत चुलीपाशी. मी मधून मधून जाऊन त्यांना आकडे सांगत होतो. त्या ‘बरं’ म्हणत होत्या. दोघांच्याही आकड्यांना सारखंच ‘बरं’.

खिचडी झाली होती. कढीला उकळी येत होती आणि शेजारी साखरेचा डबा उघडा ठेवला होता.

“कढीत साखर?” मी विचारलं.

“त्याला लागती. लहानपणापासून,” आत्या म्हणाल्या. भाच्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. “चिमूटभर घातली नाय तर वाटी सरकवतो.”

“घातली का मग?”

“अजून ठरलं नाय.”

शेवटच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाहेर एकदम ओरडा झाला, कोपऱ्यावर फटाक्यांची माळ लागली आणि चाचा आत डोकावून म्हणाले, “आत्या, मुबारक! बच्चा जीत गया!”

आत्यांनी मान हलवली. डब्याला झाकण लावलं, दाबून बसवलं आणि डबा उठून वरच्या फळीवर ठेवला. मग पदरानं तोंड पुसलं. ते धुरानं की कशानं, मी विचारलं नाही. “वरच्या,” त्या म्हणाल्या, “गाडी काढ. त्याला घेऊन ये.”

साहेबांच्या घरापुढं मोठा मांडव होता. खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि त्यांवर कुणी नव्हतं. आचारी जिलेबीच्या परातीवर कापड टाकून बिडी ओढत होता. साहेब आत सोफ्यावर एकटे बसले होते, पायात चपला तशाच. मला वाटलं हाकलून देतील. मी म्हणालो, “आत्यांनी जेवायला बोलावलंय.”

ते म्हणाले, “बोलावलं होय शेवटी.” आणि उठले.

ड्रायव्हर जेवायला म्हणून गेला होता तो आला नव्हता. साहेब माझ्या स्कूटरवर मागे बसले. मुख्य रस्त्यावर भाच्याची मिरवणूक होती, म्हणून ते मला आतल्या गल्ल्यांतून नेऊ लागले. “डावीकडं घे. आता सरळ. हा रस्ता मी केलाय.” थोड्या वेळानं म्हणाले, “सांभाळून, पुढं खड्डा आहे.” खड्डा होता. तोही त्यांच्याच काळातला असावा.

आत्यांनी पाट मांडला होता. साहेब हातपाय धुऊन बसले. पहिले काही घास त्यांनी नुसते गिळले. मग त्यांना चव लागली असावी, कारण ते सावकाश जेवू लागले. आत्या समोर बसल्या होत्या. मी दाराशी.

“आत्या,” साहेब ताटाकडं बघत म्हणाले, “तुमच्या गल्लीची लाइन मीच थांबवली होती.”

“ठाऊक हाय मला.”

“मग बोलावलं कशाला?”

“पडलास म्हणून,” आत्या म्हणाल्या. “पापड घे.”

तेवढ्यात मिरवणूक आली. आवाजानं फळीवरची भांडी हलायला लागली. भाचा उघड्या जीपमधून उतरला, केसांत, कानांत, शर्टाच्या आत गुलाल, गळ्यात इतके हार की मान दिसत नव्हती. आत्यांच्या पाया पडायला तो ओट्यावर चढला. आत्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“थांब. आत पाहुणा जेवतोय.”

भाच्यानं त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. साहेबांनी मान वर केली नाही. मग मागे वळून भाच्यानं हात वर केला, डीजे बंद करायला लावला आणि ओट्यावर बसला. एकेक हार काढून शेजारी ठेवू लागला. नवा आमदार ओट्यावर बसून वाट बघतोय म्हटल्यावर गर्दीला काय करावं कळेना. काही जण खाली बसले. काही जण चाचांच्या दुकानापाशी पाणी प्यायला गेले, तर चाचा म्हणाले, “पानी कहाँ है भाई, टैंकर कल आएगा.”

आत आत्यांनी विचारलं, “अजून वाढू?”

“थोडी कढी,” साहेब म्हणाले. मग म्हणाले, “त्याला आत बोलवा की.”

“तुझं होऊ दे.”

त्यांनी कढी संपवली, हात धुतले आणि बाहेर आले. भाचा ताडकन उठला. त्यानं खुर्च्या मांडल्या होत्या त्या काळातलं ते उठणं होतं. साहेब ओट्यावर बसले, त्यालाही बसायला सांगितलं. मग साहेब बोलू लागले, समोर बघत.

“या गल्लीची फाइल कुठं अडलेली नाही. ठेकेदाराला मीच थांब म्हटलंय. आता मी सांगून तो ऐकणार नाही, तू सांग.”

“हो.”

“डोंगरातल्या शेवटच्या गावाला उन्हाळ्याच्या आधी जा. ते लोक मागत नाहीत, म्हणून राहून जातं. माझं राहिलं. तिथं एक म्हातारी तुला हापसा बंद आहे म्हणून सांगेल. हापसा केव्हाच दुरुस्त झालाय. तिला नुसतं सांगायचं असतं. ऐकून घे.”

“हो.”

“फोन स्वतः उचलत जा. पहिल्या वर्षी मी उचलायचो.”

भाचा ऐकत होता, मांडीवर हात ठेवून. त्याच्या बोटांवरून गुलाल गळत होता. आत्या दोघांच्या मागे उंबऱ्यात बसून होत्या. वहिनीही आपल्या दारातून दोन पावलं पुढं आल्या होत्या आणि ऐकत होत्या.

तेवढ्यात बंदोबस्ताचा हवालदार गर्दीतून वाट काढत आला. मागे रस्ता तुंबला होता, एसटी अडकली होती. ओट्यापाशी येऊन त्यानं सॅल्यूट केला.

“साहेब, निघायचं का?”

भाचा तसाच बसून राहिला. आपल्याला कुणी साहेब म्हणेल हे अजून त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. साहेब मात्र उठून उभे राहिले, सदरा नीट केला, चपलेत पाय घातला. मग त्यांच्या लक्षात आलं, की हवालदार त्यांच्याकडं बघतच नाहीये. ते तसेच उभे राहिले, एक पाय चपलेत, एक बाहेर.

आत्यांनी भाच्याच्या पाठीला हात लावला. “ऊठ. तुला म्हणतोय तो.”

भाचा उठला, हार तिथंच विसरून पायऱ्या उतरला. आत्यांनी साहेबांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

“तू बस,” त्या म्हणाल्या. “तुझं ताक राहिलंय.”